बुवांचा शिधा : घरच्या घरी रातकिडे पैदाशीच्या नोंदी

९ जून २०२४

वीस वर्षं सातपूरच्या कारखान्यात मेंटेनन्सचं लॉगबुक लिहितोय, तेव्हा हेही त्याच पद्धतीने. तारीख, काय केलं, काय बिघडलं, पुढच्या पाळीने काय बघायचं. इथे पुढची पाळी म्हणजे लेक. आठवीत आहे आणि प्राणी तिचा आहे, निदान कागदोपत्री.

प्राणी : दाढीवाला ड्रॅगन, पोगोना विट्टिसेप्स. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मध्यभागातला. ऑस्ट्रेलिया आपले सरडे व्यापारासाठी देशाबाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे जगभर घराघरांत दिसतात ते सगळे पिंजऱ्यात जन्मलेल्यांची पिल्लावळ. आमचा तीन महिन्यांचा, बदली होऊन गेलेल्या एका सहकाऱ्याकडून आला. वजन ३८ ग्रॅम. चिडला की गळ्याखालची कातडी फुगवून काळी करतो, म्हणून आईने नाव ठेवलं बुवा. कंपनीत दोघातिघांनी विचारलं, "घोरपड पाळलीस का?" नाही. घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. ती घरात ठेवली तर पिंजऱ्यात मी जाईन.

अडचण : बुवा दिवसाला चाळीसेक छोटे रातकिडे खातात. मोठेपणी पाला जास्त, किडे कमी. वाढीच्या वयात उलटं. पुण्याहून मागवलेल्या डब्यात शंभर नग, अडीचशे रुपये, त्यातले वीस वाटेतच मेलेले. महिन्याचा हिशेब साडेतीन हजारांच्या पुढे जातो. आमचं दुधाचं बिल त्याहून कमी येतं.

तर घरीच पैदास करायची. रातकिडे, मीलवर्म नावाच्या अळ्या आणि दुबिया झुरळ असे तीन पर्याय. दुबिया सगळ्यात सोपं : ओरडत नाही, गुळगुळीत प्लास्टिक चढत नाही, वास नाही, अंडी बाहेर टाकायच्या ऐवजी थेट पिल्लंच देतं. हे सगळं आईला नीट समजावलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण झुरळच ना?" हो म्हटलं. "मग मी सिन्नरला माहेरी जाते."

दुबिया रद्द.

१२ जून

मांडणी झाली. झाकणाचे पन्नास लिटरचे दोन प्लास्टिक डबे. झाकणाला खिडकी कापून स्टीलची जाळी बसवली. नायलॉनची जाळी रातकिडे एका रात्रीत कुरतडतात असं ऐकलं होतं, तो प्रयोग केला नाही. आत अंड्यांचे कागदी ट्रे उभे लावले. आडवे ठेवले तर विष्ठा खळग्यात साठते, उभे ठेवले की खाली पडते आणि झाडता येते.

उबेसाठी थर्माकोलचं खोकं, पत्र्याच्या डब्यात झाकलेला २५ वॅटचा बल्ब आणि जुन्या पॅनेलमधून काढलेला थर्मोस्टॅट. ३० अंशांवर लावला. बल्ब उघडा ठेवला असता तर पिल्लं त्याला चिकटून भाजली असती.

मूळ माल : साठ मोठे रातकिडे. काळे, पंखांच्या मुळाशी दोन पिवळे ठिपके. ग्रिलस बायमॅक्युलेटस. सोबत पाचशे मीलवर्म, म्हणजे टेनेब्रिओ मोलिटर या भुंगेऱ्याच्या अळ्या. त्यांना पसरट ट्रेमध्ये गिरणीतून आणलेला गव्हाचा कोंडा.

आई ट्रेपाशी उभी राहून म्हणाली, "आयुष्यभर धान्यातले किडे वेचले. आता पोरगा धान्य घालून किडे वाढवतोय."

१७ जून

भाचा भंडारदऱ्याला काजवे बघायला गेला होता. येताना बाटलीत दोन घेऊन आला, बुवांना खाऊ म्हणून. बाटली हातातून काढूनच घेतली. अमेरिकेतल्या फोटिनस काजव्यांच्या अंगात ल्युसिबुफॅगिन नावाचं विष असतं, भेकाच्या कातडीतल्या विषाच्या नात्यातलं, आणि एवढासा काजवा खाऊन दाढीवाले ड्रॅगन मेल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडचा काजवा कोणत्या कुळातला हे बुवांच्या पोटात तपासायचं नाही. भाच्याला राग आला. रात्री गच्चीवर दोन्ही सोडले.

पुढच्या पाळीसाठी : बाहेरून पकडलेला कुठलाही किडा बुवांना द्यायचा नाही. काजवा नाही, दिव्याखालचा टोळ नाही, बागेतली अळी नाही. आमच्या कॉलनीच्या मागे द्राक्षबाग आहे. तिथे फवारणी कधी होते हे विचारायला कोणी जात नाही.

२३ जून

लेक आता नर-मादी झटक्यात ओळखते. मादीच्या मागे सुईसारखी लांब नळी असते, अंडी जमिनीत घालायची. तिला ती "सुईवाली" म्हणते. ओरडतात फक्त नर, पुढचे पंख एकमेकांवर घासून. ऐकायचे कान पुढच्या पायांत असतात हे कळल्यावर तिने वर्गात जाऊन सांगितलं आणि कोणी विश्वास ठेवला नाही.

अंडी घालायला श्रीखंडाचा अर्धा किलोचा डबा. त्यात ओलं कोकोपीट, मुठीत दाबल्यावर दोन थेंब पडतील इतकंच ओलं. वर बारीक जाळी, म्हणजे सुई आत जाते पण तोंड जात नाही. नाहीतर रातकिडे स्वतःचीच अंडी उकरून खातात. आज सकाळी डब्याच्या पारदर्शक तळाशी अंडी दिसली, तांदळाच्या बारीक कणीसारखी, पिवळसर. मोजायचा प्रयत्न केला, दोनशेनंतर सोडून दिला.

डबा थर्माकोलच्या खोक्यात. नवा डबा लावला. श्रीखंड संपवायची जबाबदारी घरातल्या सगळ्यांनी आनंदाने घेतली.

३० जून

मीलवर्म कोष करायच्या बेतात आहेत, पण मला ते एकदम नको होते. अर्धे थंड केले की वाढ थांबते. म्हणून अडीचशे अळ्या छिद्रांच्या डब्यात घालून फ्रिजच्या दारात ठेवल्या, लोणच्याच्या बरणीशेजारी. डब्यावर नाव लिहायला विसरलो.

पुढचं लिहीत नाही. अळ्या आता गॅलरीत आहेत.

४ जुलै

अकराव्या दिवशी फुटली! पहाटे खोकं उघडलं तर कोकोपीटवर काहीतरी उकळतंय असं वाटलं. टाचणीच्या डोक्याएवढे रातकिडे, शेकड्याने. लेकीला उठवलं, मग बायकोला उठवलं, मग आई स्वतःच उठली. साडेपाच वाजता घरातले चौघं एका श्रीखंडाच्या डब्याभोवती.

६ जुलै

आनंद दोन दिवसांचा. पाण्याच्या बाटलीच्या झाकणात पाणी ठेवलं होतं. सकाळी त्यावर मेलेल्या पिल्लांची साय. एवढ्याशा जिवाला पाण्याचा थेंबसुद्धा विहीर असतो. आता कापसाचा ओला बोळा, तोही रोज बदलून, नाहीतर बुरशी. शिवाय गाजराचा काप, त्यातून पाणीही मिळतं.

१४ जुलै

आठ दिवस सूर्य नाही. कोंड्याच्या ट्रेच्या कडेला पिठासारखी बारीक धूळ दिसली. भिंग लावलं तर धूळ चालत होती. माइट्स. आले कोंड्यातूनच, ओल मिळाली आणि वाढले. कोंडा उन्हात टाकायला ऊनच नाही, म्हणून नवा कोंडा आणून मोठ्या कढईत मंद आचेवर चांगला तापेपर्यंत परतला. घरभर शिऱ्यासारखा वास सुटला. शेजारच्या काकू विचारायला आल्या, काय केलंय. काय सांगणार.

अळ्या रव्याच्या चाळणीने चाळून नव्या कोंड्यात हलवल्या. बटाट्याचे काप बंद. ओलाव्यासाठी गाजर, तेही संध्याकाळी उचलायचं. ट्रेजवळ टेबलफॅन.

२८ जुलै

पहिल्या बॅचचे रातकिडे आता सेंटिमीटरभर. बुवांच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढाच किडा द्यायचा असा नियम आहे, आणि हे नेमके त्या मापाचे झालेत. डब्यात पाचशेच्या आसपास असावेत. विकतचा डबा संपलाय.

म्हणजे मोह असा की, यातूनच द्यावेत. बारा-तेरा दिवस निभतील. पण हे पुढच्या महिन्यात अंडी घालणार आहेत. हे संपले की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

जेवताना हिशेब मोठ्याने करत होतो. आईने मध्येच सांगितलं की सिन्नरला त्यांच्याकडे बाजरीची भरलेली कणसं निवडून आढ्याला टांगून ठेवत. बहात्तरच्या दुष्काळात घरात दाणा नव्हता, सुकडीवर दिवस काढले, पण वरची कणसं कोणी खाली घेतली नाहीत. "डोळ्यांसमोर लटकत असायची रे. रात्री झोपताना तीच दिसायची."

तिने सल्ला दिला नाही, भाजी वाढली. मी पुण्याला आणखी चार डब्यांची ऑर्डर टाकली. शंभर ठळक, धडधाकट किडे निवडून तिसऱ्या डब्यात वेगळे केले आणि झाकणावर मार्करने लिहिलं : बियाणं. डबा आईच्या खोलीत, कारण दिवसभर घरात तीच असते. तिने अट घातली की तो डबा ती बघेल आणि मी रोज उघडून उचकायचं नाही.

१२ ऑगस्ट

मुंग्या. रात्रीत रांग लावून मीलवर्मचे कोष फाडून नेले. कोष हलू शकत नाही, पळू शकत नाही, मुंग्यांना आयतं जेवण. पहिला विचार मुंग्यांच्या खडूचा आला. तो खडू कीटकनाशक आहे आणि ज्या रॅकवर किडे वाढवतोय त्याच्याभोवती कीटकनाशकाची रेघ ओढण्यात काही शहाणपण नाही, हे खडू हातात घेतल्यावर सुचलं.

उपाय जुनाच. आजीच्या फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असत. रॅकचे चार पाय चार वाट्यांत उभे केले, रॅक भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं. वाटीत पाणी आणि थेंबभर भांड्याचा साबण, म्हणजे डासही नको आणि मुंगी तरंगायलाही नको. खर्च शून्य.

उरलेल्या कोषांतून भुंगेरे निघायला लागलेत. निघताना दुधी पांढरे, मग तपकिरी, आठवड्यात काळे कुळकुळीत. दर पंधरवड्याला भुंगेरे दुसऱ्या ट्रेमध्ये हलवायचे, कारण हेही स्वतःची अंडी सोडत नाहीत.

२४ ऑगस्ट

पहिल्या बॅचचे पंख फुटले. काल रात्री पहिला नर ओरडला. बाहेर पावसाळी रातकिडे, आत आमचे. बायको म्हणाली, आता कळत नाही खिडकी बंद केली की उघडी.

खाद्य बदललं. विकतच्या मासळीखाद्याच्या चुऱ्याऐवजी घरचं मिश्रण : तांदळाचा भरडा, भाजलेले हरभरे आणि थोडी दूध पावडर, सगळं मिक्सरमधून. प्रथिनं कमी पडली की रातकिडे एकमेकांना खातात. विशेषतः नुकती कात टाकलेला, अजून मऊ आणि पांढरा असलेला. म्हणून हरभरे सढळ.

२९ ऑगस्ट

डबा क्रमांक १ मध्ये चाळीस मेलेले. डबा २ मध्ये पंचवीस. उरलेले उताणे पडून पाय हलवताहेत.

३१ ऑगस्ट

१ आणि २ मिळून दोनशेच्या वर गेले. वास. सगळी सुट्टी यात गेली.

कंपनीत मशीन बंद पडलं की आधी विचारायचं, शेवटचं काय बदललं? घाबरलेल्या माणसाला ते सुचत नाही. मी आधी विषाणूच्या मागे लागलो. डेन्सोव्हायरस नावाच्या विषाणूने युरोप-अमेरिकेतल्या रातकिड्यांच्या फार्मच्या फार्म साफ झाल्या आहेत, पण तो मुख्यतः अचेटा जातीवर, आमची जात वेगळी. मग उष्णता तपासली : ठीक. मग पाणी : ठीक. मग गाजर : तेच गाजर मीलवर्मना, ते मजेत. बियाण्याच्या डब्यात, आईच्या खोलीत, या दिवसांत एकही मेलेला नाही.

आईला विचारलं, तू काय घालतेस? "तुझं ते पीठ नाही घालत. शेवग्याचा पाला, दुधीची सालं, आणि तू आधी आणलेला तो माशांचा चुरा."

म्हणजे पीठ. पिठात काय? हरभरे दुकानातले, दूध पावडर चहातली, तांदूळ घरचे. मे महिन्यात वर्षाचे भरलेले, पिंपातले. आणि वर्षाच्या तांदळाला आई काय लावते हे मला लहानपणापासून माहीत आहे. टोके-सोंडे होऊ नयेत म्हणून बोरिक पावडर.

भात लावताना आपण तांदूळ तीन पाण्यांनी धुतो, ती निघून जाते. मी धुतले नाहीत. थेट मिक्सरला लावले. किडे मरावेत म्हणून लावलेली पावडर मी किड्यांना चमच्याने भरवली, आणि तिने तिचं काम चोख केलं. ती पोटात जाऊन सावकाश मारते, म्हणून पाच दिवस काही कळलं नाही.

बुवांना त्या डब्यांतले सहा-सात किडे गेले होते. पशुवैद्यांना फोन केला. बाकीचे बंद करा, पाणी पाजा, दोन-तीन दिवस लक्ष ठेवा म्हणाले. बुवांना काही झालं नाही. मला झालं.

१ सप्टेंबर

डबे गरम पाण्याने धुतले, ट्रे जाळले. बियाण्यात शंभरातले ब्याण्णव जिवंत, त्यातल्या माद्या एव्हाना सुईवाल्या. आईने डबा परत देताना एवढंच विचारलं, "मी सांगायला हवं होतं का रे, बोरिकचं?"

नाही. विचारायचं मी होतं.

आता मिश्रणातून तांदूळ गेले. ज्वारीही पिंपातली नको. दुकानातून सुटे ओट्स.

९ सप्टेंबर

गणपती बसलेत. आरती संपून सगळे शांत झाले की आतल्या खोलीतून रातकिडे सुरू होतात. आत्याने विचारलं, मशीन कसलं चालू आहे? कोणी उत्तर दिलं नाही. श्रीखंडाचे तीन डबे पुन्हा खोक्यात.

५ ऑक्टोबर

बुवा २१२ ग्रॅम. आज जरा सविस्तर लिहितो, कारण पैदाशीच्या नादात मूळ मुद्दा राहून जात होता.

रातकिडा म्हणजे पिशवी. बुवांना मिळतं ते पिशवी अधिक पिशवीतलं सामान. रातकिड्याच्या अंगात फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट असतो. सरड्याला हवं उलटं, कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड-दोन पट. ते मिळालं नाही की शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात. घरी पाळलेल्या सरड्यांचा हा सगळ्यात नेहमीचा आजार, आणि पोट भरलेलं असताना होणारा.

म्हणून द्यायच्या आधी चोवीस तास किड्यांना वेगळ्या डब्यात जेवण. शेवग्याचा पाला, कढीपत्ता, भोपळा, गाजर. पालक नाही : त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, दिसतो हिरवागार पण हाती काही लागत नाही. मग पिशवीत टाकून कॅल्शियमच्या पावडरीत घोळवायचे, करंजी पिठीत घोळवावी तसे, आणि लगेच द्यायचे. पाच मिनिटं उशीर केला की किडे मिशा साफ करून पावडर झाडून टाकतात.

आईने सुचवलं, पानाचा चुना लाव की, तोही कॅल्शियमच. तो नको. पानाचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तोंड भाजतं. पावडर हवी ती कार्बोनेटची. अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, मैद्याइतकी बारीक केली तर तीही चालतात. ती मात्र आई आता रोज जमवते.

आणि हे सगळं करूनही अतिनील दिवा नसेल तर फुकट. २९० ते ३१५ नॅनोमीटरचा प्रकाश कातडीवर पडला की ड-३ जीवनसत्त्व बनतं, त्याशिवाय कॅल्शियम आतड्यातून पुढे सरकत नाही. खिडकीतलं कोवळं ऊन चालणार नाही, काच तो भाग अडवते. नळी जळत राहते पण वर्षभरात तिचा अतिनील भाग विझतो; डोळ्याला फरक दिसत नाही. नळीवर तारीख चिकटवली : बदल, मे २०२५.

२७ ऑक्टोबर

सिन्नरच्या मामेभावाचा शेजारी रेशीम करतो. तुतीची एक एकर, शेडमध्ये रॅक. सहज बघायला गेलो आणि साठ अळ्या घेऊन आलो, तिसरी कात टाकलेल्या. रेशीमअळी मऊ, सावकाश चालणारी, ओरडत नाही, उडत नाही, पळत नाही. दोन हजार वर्षं... छे, त्याहूनही जुनी माणसाळलेली. तिला तुतीच्या पानावर ठेवलं नाही तर ती उपाशी बसून राहील.

त्या भाऊंकडे शिकण्यासारखं खूप. अंडीपुंज कुठून येतात, चॉकी म्हणजे बालपणीच्या अळ्या वेगळ्या का वाढवतात, रॅकवर जायच्या आधी हात चुन्याच्या नि ब्लीचिंगच्या पाण्यात. मला शेडच्या दारातच थांबवलं, चपला बाहेर. तंबाखू खाल्लीय का विचारलं. नाही म्हटल्यावर आत घेतलं. शेजारच्या शिवारात फवारणी असली की ते पाला तोडत नाहीत. चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या चौकटीवर, अळ्या टाकायचे दिवस होते, म्हणून फार बोलले नाहीत.

शेवटच्या अवस्थेत अळी सहा-सात दिवस अखंड खाते, आयुष्यातला बहुतेक सगळा पाला तेवढ्यातच. रात्री कान लावला तर पानांवर पाऊस पडल्यासारखा आवाज येतो.

बायको : "येवल्याला जाऊन मला पैठणी नाही आणली कधी. सरड्याला मात्र रेशीम."

नोंद घेतली.

२ नोव्हेंबर

दिवाळी. सोसायटीत पेस्ट कंट्रोलची नोटीस. आमचा फ्लॅट सोडून करा असं लिहून दिलं, तरी जिन्यातली फवारणी दाराच्या फटीतून येऊ शकते. दोन दिवसांसाठी सगळे डबे, बुवांसकट, भावाकडे. स्कूटरवर चार फेऱ्या. भावजय फराळाचं ताट घेऊन दारात, मी रातकिड्यांचा डबा घेऊन दारात.

२४ नोव्हेंबर

उत्पादन जोरात. रातकिडे आठवड्याला चारशेच्या आसपास, मीलवर्मची नवी पिढी चाळणीत मावत नाही. विकतचा शेवटचा डबा ऑक्टोबरमध्ये आला होता.

आणि बुवा आठ महिन्यांचे झाले. आज दहा रातकिडे टाकले, चार खाल्ले, सहांकडे बघून डोळे मिटले. मग भोपळ्याच्या किसाचं ताट संपवलं. जूनमध्ये मीच लिहून ठेवलंय, मोठेपणी पाला जास्त, किडे कमी. ते वाक्य लिहिताना त्याचा अर्थ कळला नव्हता. ज्या भुकेसाठी कारखाना उभा केला, ती भूक कारखाना सुरू होईपर्यंत मोठी होऊन निघून गेली.

खर्चाचा तक्ता काढला : डबे, खोकं, मूळ माल, वाया गेलेला माल, मध्ये विकत घेतलेला माल, वीज. विकतच आणत राहिलो असतो तर साधारण तेवढेच झाले असते. तक्ता बायकोला दाखवला नाही.

१५ डिसेंबर

पेपरात निफाडचा पारा आला की नाशिकमध्ये स्वेटर निघतात. बुवांनी गेले बारा दिवस काही खाल्लं नाही. लाकडाखाली जाऊन झोपलेत, अर्धा डोळा उघडतात, बंद करतात. हिवाळी झोप असते यांची, पण आजारी सरडाही असाच दिसतो, म्हणून आधी विष्ठा तपासून घेतली, जंत नाहीत. वजन दर रविवारी. २९१, २९०, २९०. खाली घसरत नाही तोवर झोपू द्यायचं, आणि पोटात अन्न असताना गार पडू द्यायचं नाही.

इकडे सहाशे रातकिडे जागे आहेत. थर्मोस्टॅट २४ वर आणला, म्हणजे वाढ मंदावेल. उरलेले : शंभर कंपनीतल्या मासे पाळणाऱ्या मित्राला, दोनशे सिन्नरला मामांच्या कोंबड्यांना. मामांचा फोन आला की कोंबड्या आता माझी गाडी ओळखतात.

१२ जानेवारी २०२५

कारखाना छोटा केला. रातकिड्यांचा एकच डबा आणि बियाण्याचा एक. मीलवर्मचा एक ट्रे. दर तीन आठवड्यांनी एकच श्रीखंडाचा डबा लावायचा. बियाण्याचा डबा अजून आईच्या खोलीतच आहे. मध्ये मी हलवायला गेलो तर म्हणाली, राहू दे, रात्री सोबत होते.

९ फेब्रुवारी

बुवा उठले. २८४ ग्रॅम. कोमट पाण्यात बसून पाणी प्याले, दिव्याखाली तासभर पसरले. लेकीने थाटात सगळ्यात मोठा, शेवगा खाऊन फुगलेला, पावडरीत घोळवलेला रातकिडा समोर सोडला. बुवांनी त्याच्यावर पाय ठेवला आणि पलीकडे ठेवलेलं जास्वंदीचं फूल खाल्लं. रातकिडा दुपारी खाल्ला.

१६ फेब्रुवारी

ओझरच्या एका मुलाने बियाणं मागितलं, त्याच्याकडे दीड महिन्याचं पिल्लू आहे. त्याला अंड्यांचा एक भरलेला डबा आणि वीस मोठे दिले. कागदावर लिहून दिलं : स्टीलची जाळी, पाण्याऐवजी ओला कापूस, रॅकखाली वाट्या, शंभर वेगळे काढून ठेव आणि त्यांना हात लावू नकोस, घरचे तांदूळ मुळीच नकोत. आता लगेच विकतचं बंद करू नकोस, हेही.

तो निघाला तेव्हा आईने जिन्यातून हाक मारून सांगितलं, श्रीखंडाचा डबा धुऊन परत आणून दे.